नागपूरहून एक भेट

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सोपं करून सांगते. तुमचं दुकान बाजारात आहे, पण मोबाइलवर शोधणाऱ्याला ते दिसत नाही; ते दिसावं म्हणून मी खटपट करते. वर्ध्याच्या कडेला नालवाडीत, घराच्या पुढच्या खोलीत बसून मी वेबसाइट बनवते आणि त्या शोधात वर याव्यात म्हणून त्यांच्या मागे लागते. सावंगीच्या दवाखान्याजवळच्या खानावळी, विद्यार्थ्यांना खोल्या देणारी घरं, मंडपवाले, असे माझे गिऱ्हाईक. माणसं भली असतात, पण खोड सगळ्यांना एकच. साइटवर त्यांना स्वतःची स्तुती लिहायची असते.

एक गादीवाले काका होते. कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. साइटवर सगळ्यात वर त्यांना 'विश्वासाची अखंड परंपरा' असं मोठ्या अक्षरात हवं होतं. मी म्हटलं, काका, ज्याची पाठ दुखते तो माणूस मोबाइलवर परंपरा शोधत नाही. तो 'वर्ध्यात गादी कुठे भरून मिळेल' असं शोधतो. तेच शब्द आपल्या पानाच्या माथ्यावर पाहिजेत, म्हणजे शोधणाऱ्याची आणि आपली गाठ पडते.

"हे तर कोणीही लिहीन," काका नाराज होऊन म्हणाले.

"कोणी लिहीत नाही ना, म्हणून तर सांगते."

शेवटी त्यांनी ऐकलं. दुकानाचे फोटो इतके जड होते की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जाईल, ते मी हलके केले. दुसऱ्याच्या साइटवरून उतरवलेला मजकूर काढून टाकला, कारण नक्कल केलेलं पान मागे पडतं. आणि रोज उठून किती वर आलो ते बघू नका, दोन-चार महिने धीर धरा, असं बजावून घरी आले. आठवड्याच्या आत त्यांचा फोन आला. "पोरी, लय लोकं येऊन राह्यले साइटवर!" मी आकडे उघडून पाहिले. सगळ्या भेटी एकाच फोनवरून होत्या.

"काका, ते तुम्हीच आहात."

बिचारे एवढे ओशाळले की दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुकानावर गेले. आपल्या दारात आपणच ये-जा करायची आणि गर्दी झाली म्हणायचं, याला काही अर्थ नाही, हे त्यांना समजावलं. त्यांनी आणखी एक विचारलं. "मी तर अठीच बसून राह्यतो, मग यात नागपूर काऊन दाखवते?" मी सांगितलं, मोबाइलच्या इंटरनेटचं तसंच असतं. कंपनीची लाइन नागपुरातून बाहेर पडत असेल तर वर्ध्यातला माणूसही नागपूरचा दिसतो. शहराच्या नावावर फार विसंबून राहू नका. चहा थंड होईपर्यंत मी त्यांना हे समजावत होते. दुसऱ्याला शिकवताना मला सगळंच ठाऊक असतं.

माझं माहेर सेलूचं. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. आई घर सांभाळायची. मला एकच भाऊ, माझ्याहून लहान. त्यानं फार्मसीचा डिप्लोमा केला आणि सावंगीला एका मेडिकल स्टोअरमध्ये लागला. मालकानं तिथे आपला भाचा बसवला आणि हा घरी आला. घरी आल्यावर दिवसभर फोन. बाबांना ते खपायचं नाही. आयुष्यभर त्यांनी उभ्यानं तिकिटं फाडली, त्यांना बसलेला माणूस दिसला की डोकं उठायचं.

एका दुपारी जेवताना ते बोलले. मी तिथे नव्हते, आईनं मला नंतर सांगितलं. "दिवसभर त्या फोनातच तोंड घालून बसून राह्यतोस. हा फोन नसता तर माणसात आला असता," एवढंच म्हणाले. त्याहून कडू बोलणं आमच्या घरात कितीदा तरी झालं होतं. भावानं हात धुतले, फोन टीव्हीवर ठेवला, "घ्या, आता नाई फोन," म्हणाला आणि पायात चपला सरकवून बाहेर पडला. सगळ्यांना वाटलं, दिवे लागायच्या आत येईल. दिवे लागले तेव्हा बाबा एसटी स्टँडवर जाऊन उभे होते.

तो आलाच नाही. ठाण्यात नोंद केली, नातेवाइकांकडे चौकशी केली, त्याच्या फोनमधले सगळे नंबर लावून पाहिले. फोनला कुलूप नव्हतं. घरातल्यांपासून काय लपवायचं, असं तो म्हणायचा. त्यातून काही निघालं नाही. ज्या फोनवर त्याला गाठायचं तो फोनच घरी होता, यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. आई तो रोज चार्ज करायची. बाबा काही न बोलता त्यात रिचार्ज मारून आणायचे. त्याच्यावर कोणाचा फोन यावा अशी दोघांची अपेक्षा होती ते मी विचारलं नाही.

बाबांनी पेपरात 'हरवला आहे' अशी जाहिरात दिली. ती एका दिवसात रद्दीत गेली. मग मी म्हटलं, मला जे येतं ते मी करते. पेपर एक दिवसाचा असतो, पण इंटरनेटवरचं पान राहतं. कधीतरी कुठेतरी तो एखाद्याचा फोन हातात घेईल आणि काहीतरी शोधेल. तेव्हा आमचं पान त्याच्यासमोर आलं पाहिजे.

बाबांनी जाहिरातीचंच कात्रण माझ्यापुढे ठेवलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'आई अंथरुणाला खिळली आहे. असशील तिथून निघून ये. कोणी रागावणार नाही.' आई तेव्हा चुलीपुढे चांगली धडधाकट बसून भाकरी थापत होती.

"मी कधी खिळली वं अंथरुणाले?" ती म्हणाली.

"असंच लिहतेत," बाबा म्हणाले. "सगळ्याच जाहिरातीत असते. त्याबिगर पोरं येत नाई."

आमच्याकडे ही रीतच आहे. घर सोडून गेलेल्या पोराला बोलवायचं तर आईला आजारी पाडायचं. बाप आजारी असल्याचं कोणी लिहीत नाही. मला ते आवडलं नाही, मी तसं म्हटलंही. पण आई भाकरी उलटत म्हणाली, "लिही बाई. येत असन तर मेली म्हणून लिही." मी तिच्यावर ओरडले. आणि खिळली आहे म्हणून लिहिलं.

मग मी कामाला लागले. गादीवाल्या काकांना सांगितलेलं सगळं केलं. अडचण ही की भावाच्या नावाचे भारी लोक निघाले. एक कुठला तरी युवा नेता, एक क्रिकेट खेळणारा, एक वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या बॅनरवर असतो तसला कोणी. नाव शोधलं की हीच मंडळी पुढे यायची आणि माझा भाऊ त्यांच्या मागे कुठे तरी. म्हणून नावाला सेलू जोडलं, वर्धा जोडलं, सावंगी जोडलं, त्याचं कॉलेज, मेडिकलचं काम, डाव्या कानामागचा जखमेचा डाग, सगळं जोडलं. त्याचा एकच बरा फोटो होता, मावसबहिणीच्या लग्नातला. तोही पान पटकन उघडावं म्हणून लहान केला. ज्यांच्या ज्यांच्या साइट मी बनवल्या होत्या त्या सगळ्यांना म्हटलं, तुमच्या पानाच्या तळाशी आमच्या पानाची लिंक द्या. एकानंही नाही म्हटलं नाही. गादीवाल्या काकांनी तर ती अगदी वरच टाकायला लावली, त्यांच्या गाद्यांच्या आधी.

पण सगळ्यात अवघड होतं ते वेगळंच. शोधणारा माणूस काय शोधेल, हा माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न. दुसऱ्यांसाठी मी त्याचं उत्तर चुटकीसरशी द्यायचे. इथे बसून विचार करायचे की माझा भाऊ काय शोधेल? स्वतःचं नाव शोधेल? सेलूची एखादी बातमी? औषधाच्या दुकानातली नोकरी? मला काहीच सुचायचं नाही. एका घरात, एका ताटात वाढलेला मुलगा, आणि त्याच्या मनात काय असायचं हे मला माहीत नव्हतं. रडू यायचं. मग मी आणखी एखादा शब्द जोडायचे.

काही महिन्यांनी पान वर आलं. नेता आणि क्रिकेटवाला मागे पडले. भेटी मात्र नव्हत्या. कधी कोणी चुकून यायचं आणि जायचं. माझा लॅपटॉप आणि माझा मोबाइल मी मोजणीतून आधीच वगळले होते, त्यामुळे माझं येणं-जाणं त्यात दिसत नव्हतं. आणि मग दुपारच्या वेळी नागपूरहून एक भेट दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, दुपारीच. मग रोज. रोज तोच एक फोन. भावाचं नाव शोधून यायचा, पानावर थांबायचा आणि जायचा.

मी सेलूला फोन केला.

"बाबा, नागपूरहून कोणीतरी रोज त्याचं पान बघतंय."

मग बाबा आईला म्हणाले ते मला ऐकू आलं. "नागपुरात हाये वं तो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बाबा नागपूरला गेले. जुने कंडक्टर, ड्रायव्हर, स्टँडवरचे हमाल, सगळ्यांना फोटो दाखवला. औषधांच्या होलसेल दुकानांच्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. असे ते कितीदा तरी गेले. परत आले की आई विचारायची, दिसला काय? आणि तिला वाटायचं, आज नाही दिसला तर उद्या दिसेल, नागपूर काय फार दूर आहे? वांगी भाजायची, भरीत करायची, त्याच्यासाठी वाटीत काढून ठेवायची. संध्याकाळी ते कोणाला तरी खायला लागायचं, तेव्हा बाबा खायचे.

एकदा मी गेले असताना आई म्हणाली, "बाई, त्या पानावरचा फोटो मोठा कर नं. डोये नीट दिसत नाई त्याचे." मी म्हटलं, मोठा केला तर पान जड होतं. ती म्हणाली, होऊ दे. मी मोठा केला. तिनं तो कुठे बघितला हे काही मी विचारलं नाही. माझ्या लॅपटॉपवर बघितला असेल असं धरून चालले.

पुढच्या उन्हाळ्यात आईला ताप आला. तो उतरेना. मग किडनीचं निघालं, दवाखाने झाले, डॉक्टरांनी त्यांच्याकडून होतं तेवढं केलं आणि आम्ही तिला घरी आणलं. आता ती खरोखर अंथरुणाला खिळली होती. बाबा त्या वाक्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, मीही बोलले नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं. आपण तिला आधी कागदावर आजारी पाडलं, असं मला वाटायचं. वाटून उपयोग नाही हे कळत होतं, तरी वाटायचं.

ती मधूनच विचारायची, "आला काय आज तो नागपूरवाला?" मी मोबाइलवर बघून सांगायचे, आला होता, सकाळीच आला. तिचा चेहरा उजळायचा. म्हणायची, "पाह्यते ना तो. म्हणजे रागात नाई." आजार वाढला तशा भेटीही वेळी-अवेळी होऊ लागल्या. कधी पहाटे, कधी दिवसातून तीन-चारदा. मला वाटलं, त्याला आतून काही जाणवत असेल.

आई गेली. पाहुणे आले, बुद्धवंदना झाली, सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. सगळे पांगल्यावर मी आकडे उघडले. नागपूरची भेट थांबली होती. ती गेली त्या दिवसापासून एकही नव्हती. आणि मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. त्याला कळलं, तो निघाला, असं वाटलं. मी उठून दारापर्यंत गेले.

मग मी आईचं अंथरूण आवरायला घेतलं. उशीच्या खोळीत हात घातला तर भावाचा फोन लागला. बंद पडला होता. चार्जिंगला लावला, सुरू झाला. शोधायच्या चौकटीला हात लावला तर खाली आधीचे शोध आले. सगळीकडे त्याचंच नाव. आईला टाइप करता येत नव्हतं. माइकच्या चित्रावर बोट ठेवून ती त्याचं नाव घेत होती. रोज, दुपारी, बाबा आडवे झाल्यावर. पान उघडायचं, आणि त्याचे डोळे बघत बसायची. मोठा केलेला तो फोटो तिच्यासाठी होता.

गादीवाल्या काकांना मी हसत हसत सांगितलं होतं, ते तुम्हीच आहात. आईला नागपूरवाला आला म्हणून सांगत होते तेव्हा तो फोन तिच्या उशीत होता. वर्ध्याकडचा मोबाइल नागपूरचा दिसतो हे मी स्वतः शिकवलेलं. माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती, देव जाणे. अक्कल कुठे गेली नव्हती, मलाच तिला विचारायचं नव्हतं.

बाबांना मी सांगणार होते. पण ते बाहेरून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आज उघडलं काय त्यानं?"

आई गेल्यापासून ते धड जेवत नव्हते. मी म्हटलं, "हो. उघडलं." ते पाटावर बसले आणि जेवले.

त्या दिवसापासून ते रोज विचारायचे. मी नालवाडीला परतले तरी संध्याकाळी फोन यायचा. सेलूला गेले की म्हणायचे, दाखव. भेट कुठून आली ते दाखवणारा, आकड्यांशेजारच्या नकाशावरचा ठिपका त्यांना माहीत झाला होता. मग मी माझा मोबाइल मोजणीत परत घेतला, घरचं वायफाय बंद केलं आणि मोबाइलच्या नेटवर रोज एकदा ते पान उघडू लागले. नागपूरहून एक भेट. खोटं बोलायलाही मला पुरावा लागतो, धंद्याची सवय.

असं चालू राहिलं असतं. पण एके दिवशी बाबा म्हणाले, "तो रोज पाह्यते, अन् आपण त्याले खोटं सांगून राह्यलो. माय गेली त्याची. त्याले कळलं पाह्यजे. लिही."

"राहू द्या ना बाबा."

"लिही म्हणतो ना. खिळली म्हणून नाई आला, गेली म्हटल्यावर तरी येईन."

मी लिहिलं. 'आई गेली. आता तरी ये.' बाबा शेजारी बसून होते. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं ते पान मोबाइलवर उघडलं आणि वाचलं, आणि मला आईचं भाकरी उलटत बोललेलं वाक्य आठवलं. ठिपका नागपूरवर आला. संध्याकाळी बाबांचा फोन.

"वाचलं त्यानं?"

आता काय बोलायचं? नाही म्हणावं तर ठिपका होता. "वाचलं," मी म्हटलं.

बाबा स्टँडवर जाऊन बसू लागले. नागपूरकडून येणारी प्रत्येक गाडी बघायचे. शेजारच्या बाईनं मला फोन करून सांगितलं की तुझे वडील उन्हात बसून असतात, कोणाशी बोलत नाहीत. मी सेलूला गेले. ते तिन्हीसांजेला परत आले, खुंटीला टोपी अडकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद करून टाक ते पान."

"काऊन बाबा?"

"माय गेल्याचं वाचून जो येत नाई, तो माहा पोरगा नोहे. मी चुकलो असन त्याच्या संग. मायनं काय केलं होतं त्याचं?" त्यांचा आवाज फाटला. एवढ्या दिवसांत, आई गेली तेव्हाही, मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मग मला राहवलं नाही. मी कपाटातून भावाचा फोन आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, बाबा, नागपूरचं कोणी नव्हतं. ती आई होती. ती या फोनवर त्याचं नाव घेऊन फोटो बघायची. ती गेल्यावर मी उघडत होते, तुम्ही जेवावं म्हणून.

ते फोनकडे बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील, नागपूरच्या गल्ल्यांमधली त्यांची वणवण आठवून मला बोल लावतील. मला ते चाललं असतं. त्यांनी फोन हातात घेतला, उपरण्यानं काच पुसली.

"म्हणजे त्यानं वाचलंच नाई?"

"नाही बाबा."

"माय गेल्याचं त्याले माहीतच नाई?"

"नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जीव आल्यासारखं वाटलं.

"मंग त्याची चूक नाई," ते म्हणाले. "माहीत असतं तर आला असता." थोड्या वेळानं म्हणाले, "काढून टाक ते, गेली म्हणून लिहलं ते. असा एकटा कुठी असताना नको वाचाले त्यानं. घरी आल्यावर मी सांगीन त्याले. पहिलेसारखं कर."

गिऱ्हाइकांना मी सांगत असते, पान जुनं ठेवू नका, जे खरं राहिलं नाही ते काढून टाका, नाहीतर तुमच्यावर कोणी भरवसा ठेवणार नाही. मी लॅपटॉप उघडला आणि बाबांच्या देखत जुनं वाक्य होतं तिथे परत टाकलं. त्या पानावर माझी आई अजून अंथरुणाला खिळलेली आहे.